व्रत आणि वेतन

संशयी : सिस्टर सिरिलवर तुम्ही लिहिलेलं वाचायला घेतलं आणि निम्म्यावर ठेवून दिलं. ‘आयुष्य वाहिलं’, ‘स्वतःसाठी काही राखलं नाही’, ‘शेकडो मुलींची आई झाली’. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात काढलेल्या बाईला हे शब्द सोसत नाहीत. का, ते सांगते. पाच सप्टेंबरला व्यासपीठावरून जो पुढारी ‘शिक्षकी हा पेशा नव्हे, व्रत आहे’ म्हणतो, तोच सहा सप्टेंबरपासून शिक्षणसेवकाकडून तिघांचं काम करून घेतो. २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना सहा हजार रुपये मानधन मिळत होतं. सहा हजार! त्यावर बोलायला गेलं की व्रताची आठवण करून देतात. नन कितीही चांगली असो, तिच्या चांगुलपणाचं बिल कुणाच्या नावावर फाटतं, ते मला आधी बघावं लागतं. पगार न घेणारी, घर नसलेली, तक्रार न करणारी बाई एकदा आदर्श म्हणून भिंतीवर लागली, की तिच्याखाली खुर्चीत बसलेली पगारी, लेकुरवाळी, शाळा सुटली की एसटी गाठायची घाई असलेली बाई आपोआप हिणकस ठरते.

पक्षपाती : शब्दांवरचा तुमचा राग मान्य. पण त्या रागात खालचं काम वाचायचं राहून गेलं, म्हणून आधी काम सांगतो. आयर्लंडमधल्या ब्रे गावात १९३६ साली जन्मलेली ही बाई १९५६ साली भारतात आली. प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केली. १९७९ साली कोलकात्यात सियालदहच्या लोरेटो डे स्कूलची मुख्याध्यापिका झाली आणि २०११ पर्यंत राहिली. सियालदह म्हणजे स्टेशनचा परिसर. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे याच स्टेशनात उतरले आणि पुढे कित्येक वर्षं फलाट हेच त्यांतल्या अनेकांचं घर होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, फी घेणारी, आणि फाटकाबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या मुली. १९८५ पासून तिने ते फाटक उघडलं. रेनबो हे त्या उपक्रमाचं नाव. बाहेरच्या मुलीने केव्हाही यावं, केव्हाही जावं. कचरा वेचून झाल्यावर या, धुणीभांडी उरकून या. वेळ शाळेने जुळवून घ्यायची, मुलीने नाही. आता शिकवायचं कुणी? जादा शिक्षक नेमायला पैसा नव्हता. तिने पाचवीपासून वरच्या वर्गांच्या वेळापत्रकातला कार्यानुभवाचा तास घेतला आणि तो वेगवेगळ्या वर्गांना दिवसभरात असा वाटून दिला, की कोणत्याही घटकेला काही मुली मोकळ्या असतील. त्या वर्गाबाहेर येत आणि प्रत्येकी एकीला घेऊन बसत. डोळ्यांसमोर आणा. गणवेशातली अकरा वर्षांची मुलगी, समोर आठ वर्षांची, तिच्या मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. भाऊ रडला की अक्षर अर्धं राहतं, दोघी मिळून त्याला गप्प करतात, मग पुन्हा पाटी. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात या पाठाचं टाचण कसं काढणार?

संशयी : टाचण आम्हाला काढावंच लागतं, विस्तार अधिकारी बघतात. पण तुम्ही जे चित्र काढलंत त्यातलंच मला टोचतं. गरीब मुलगी इथे नक्की कोण आहे? विद्यार्थिनी, की फी भरणाऱ्या मुलीचा अभ्यासक्रम? तिच्या दारिद्र्यावर दुसरीच्या संवेदनशीलतेचा तास भरतो. आपल्याकडेही हल्ली नामांकित शाळा मुलांना एक दिवस आदिवासी पाड्यावर नेतात, फोटो काढतात आणि परत येताना हायवेवर पिझ्झा खातात. सियालदहला ते रोज चालत होतं, इतकाच फरक नाही ना? शिवाय कॉन्व्हेंट म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. वधूवरांच्या जाहिरातीत ‘कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली’ हे गोऱ्या रंगाच्या जोडीने छापून येत असे, ते फुकट नाही. नन्सनी शंभर वर्षं या देशातल्या वरच्या थरासाठी इंग्रजी बोलणाऱ्या मुली तयार केल्या. मदर तेरेसाही याच लोरेटो संघाच्या. एंटालीला सेंट मेरीज शाळेत त्या भूगोल शिकवत, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. पण गरिबांपर्यंत पोचायला १९४८ साली त्यांना लोरेटो सोडून बाहेर पडावं लागलं. शाळेत राहून ते जमत नव्हतं, हा त्याचा अर्थ मी घेते.

पक्षपाती : मी उलटा घेतो. एकीला बाहेर पडावं लागलं म्हणूनच दुसरीने आत राहून काय केलं याला किंमत आहे. भिंतीबाहेर जाऊन सेवा करणं अवघड असेल, पण त्यात शाळा जशी होती तशी राहते. सिरिलनी शाळाच बदलली. पिझ्झ्याच्या शाळांशी तुलना करायची तर एकच कसोटी लावा : पाड्यावरचं मूल पुढच्या वर्षी त्या शाळेच्या पटावर असतं का? सियालदहला ते असे. फुटपाथवरची मुलगी थोडी तयार झाली की नेहमीच्या वर्गात, त्याच बाकावर, त्याच गणवेशात. चौदाशेच्या आसपास मुलींच्या शाळेत जवळजवळ निम्म्या फी न भरणाऱ्या होत्या, आणि कोण कुठली हे कपड्यांवरून सांगता येत नसे. स्पर्धेवर आणि नंबरांवर तिथे भर नव्हता. हे फार धाडसाचं होतं, कारण मध्यमवर्गीय पालक सगळं चालवून घेतो, मुलीचा नंबर गेलेला चालवून घेत नाही. रात्री ज्यांना झोपायला सुरक्षित जागा नव्हती त्यांच्यासाठी शाळेच्या गच्चीवर निवारा केला. आणि शाळेतल्या मुलींनी आपल्याच ओळखीपाळखीच्या घरांत घरकामाला ठेवलेल्या लहान मुली शोधायच्या, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना बाहेर काढायचं, असा उपक्रम होता. विचार करा, तेरा वर्षांची मुलगी मैत्रिणीच्या आईला विचारते, तुमच्याकडची ही मुलगी शाळेत का जात नाही? गरीब मुलगी अभ्यासक्रम झाली असेल, पण परीक्षा श्रीमंत घरांची झाली. मार्गदर्शन म्हणतात ते मला इथे दिसतं. नन स्वतः फार शिकवत बसली नाही. अकरा वर्षांच्या मुलीला कुणाची तरी बाई केलं, आणि ती बाई जन्मभर तशीच राहिली असं त्यांतल्या पुष्कळजणी सांगतात.

संशयी : पटाची कसोटी चांगली आहे. तिथे मी गप्प बसते. पण मग माझा दुसरा प्रश्न आणखी उभा राहतो. हे सगळं करायला व्रत कशाला लागतं? प्राणिशास्त्रात डॉक्टरेट असलेली हुशार, कर्तबगार बाई मुख्याध्यापिका झाली, तिने वेळापत्रक हलवलं, गच्ची उघडली. यात गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन शपथांचा काय संबंध? आज्ञापालनाचा तर उलटाच संबंध दिसतो. जी बाई वरिष्ठांचं मुकाट ऐकते ती असली कामं करत नाही.

पक्षपाती : या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, आणि ते बरंच चमत्कारिक आहे. लोरेटोचं मूळ मेरी वॉर्ड नावाच्या इंग्रज बाईकडे जातं. जन्म १५८५. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेनंतर चर्चने नियम आवळला होता : नन म्हणजे भिंतीआड, जाळीआड. बाहेर हिंडून शिकवणं हे पुरुषांचं, जेझुइट पाद्र्यांचं काम. मेरी वॉर्डने १६०९ च्या सुमारास सेंट ओमेरला मैत्रिणी जमवल्या आणि मुलींसाठी शाळा काढली. तिची मागणी साधी होती : जेझुइट जसे मोकळे फिरतात, कुणा बिशपच्या अंगठ्याखाली नसतात, तसंच आम्हाला असू द्या. १६३१ साली पोपने तिचा संघ बरखास्त केला आणि तिला म्युनिकमध्ये दुसऱ्या एका मठात कोंडलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. वाळल्यावर अक्षर दिसत नाही, कागद विस्तवावर धरला की उमटतं. मैत्रिणींकरवी तिने संघ तसाच चालवला. त्या संघाची नियमावली मंजूर व्हायला १७०३ उजाडलं, आणि संस्थापिका म्हणून तिचं नाव उघड घ्यायला १९०९. म्हणजे शाळा चालवणारी नन हीच मुळात चर्चच्या मर्जीविरुद्ध जन्मलेली गोष्ट आहे. आयरिश शाखेतल्या बायका १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात उतरल्या, त्यांच्या पेटीत हा वारसा होता. आज्ञापालनाच्या चौकटीत वाकडं चालायची दोनशे वर्षांची सवय.

संशयी : गोष्ट सुरेख आहे. पण मला ती पटत नाही असं नव्हे, पुरत नाही. लिंबाच्या रसाने पत्रं लिहावी लागली, यातच व्यवस्था काय होती ते आलं. मी तुम्हाला दुसरा इतिहास सांगते, अधिक जवळचा. १९५० च्या दशकातलं आयर्लंड. तिथे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेने लग्न केलं तर तिची नोकरी जायची. १९३० च्या दशकात हा नियम आला तो १९५८ पर्यंत होता. सरकारी नोकरीतल्या बायकांना तर १९७३ पर्यंत. त्या देशातल्या हुशार मुलीसमोर काय काय होतं ते मांडा. लग्न केलं तर घर आणि चूल. न केलं तर गावभर ‘राहून गेली बिचारी’. आणि तिसरा दरवाजा कॉन्व्हेंटचा : शिक्षण, परदेश, डॉक्टरेट, शाळेचा कारभार, आणि गावात मान. मी त्या मुलीच्या जागी असते तर डोळे मिटून तिसऱ्या दारात शिरले असते, देव असो वा नसो. सिरिलना आतून हाक आली नसेल असं मी म्हणत नाही. ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण ज्या समाजाने बाकीची दारं बंद केली, त्याच समाजाने उघड्या दाराला ‘ईश्वरी पाचारण’ म्हणावं आणि आपण माना डोलवाव्यात? त्याच आयर्लंडमध्ये दुसऱ्या काही संघांच्या नन्सनी चालवलेल्या संस्थांत मुलांचे काय हाल झाले ते २००९ च्या चौकशी अहवालात आहे. धुण्याच्या कारखान्यांत कोंडलेल्या मुलींची माफी आयरिश सरकारने २०१३ साली मागितली. तीच शपथ, तोच झगा. शपथेने माणूस चांगला होतो हे मला दाखवा.

पक्षपाती : दाखवता येणार नाही. शपथेने माणूस चांगला होत नाही, मोकळा होतो, इतकंच मी म्हणेन. मोकळा झालेला माणूस काय करील याची हमी नाही, तुमचा आयर्लंडचा दाखला त्याचाच. पण मोकळं होणं ही बारीक गोष्ट समजू नका. आपल्या पुण्यातच हा प्रयोग झाला आहे आणि त्याचं काय झालं ते आपण शाळेत शिकत नाही. १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी. चिपळूणकर, टिळक, आगरकर. त्यांचा आदर्श कोणता होता? जेझुइट! त्या पाद्र्यांसारखं पोटापुरतं घ्यायचं आणि जन्म शाळेला द्यायचा. आजीव सदस्य ही कल्पना त्यातूनच आली. आणि सहा वर्षांत भांडण कशावरून लागलं? सामाजिक सुधारणांवरून लागलं ते आपल्याला माहीत असतं, पण संस्थेतलं भांडण पगारावरून आणि बाहेरच्या कामांवरून होतं. टिळकांचं म्हणणं, वेतनात वाढ नको, बाहेर कमाई नको, त्याग म्हणजे त्याग. आगरकरांचं आणि इतरांचं म्हणणं, संसार आहे, दमा आहे, मुलंबाळं आहेत, थोडं वाढवून घेतलं तर काय बिघडतं? १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. दोघांपैकी कुणाची बाजू बरोबर हा प्रश्न मला आता महत्त्वाचा वाटत नाही. जेझुइटांची नक्कल करताना त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र या मंडळींनी घेतली नव्हती, घेऊ शकत नव्हते. जेझुइटाला घर नसतं. पुण्याच्या या मंडळींना होतं. व्रत घ्यायचं आणि संसारही ठेवायचा, तर व्रताचं ओझं शेवटी घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं, ती कुठल्या सभेत नसते आणि कुठल्या ठरावावर तिची सही नसते. ननच्या त्यागाचा खर्च निदान ननच सोसते.

संशयी : हे तुम्ही बोललात आणि माझंच काम सोपं केलंत. टिळक-आगरकरांच्या वादात मी डोळे झाकून आगरकरांच्या बाजूची. एका माणसाच्या गरजा दुसऱ्याने ठरवायच्या नसतात. टिळकांच्या घरची थोडीफार शेतीवाडी होती, म्हणून त्यांना त्याग परवडत होता, असं कुणी म्हटलं तर मी हो म्हणेन. पण तुम्ही पुण्यात थांबलात, जरा पुढे हिंगण्याला चला. कर्व्यांनी १९०८ साली निष्काम कर्म मठ काढला. नावातच मठ! सेवकांनी शपथ घ्यायची, जन्म संस्थेला द्यायचा. आणि हिंगण्याची खरी ताकद कोण होती? पार्वतीबाई आठवले, विधवा. मग कोसबादला या. ताराबाई मोडक नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या. अनुताई वाघ, तेरा-चौदाच्या वयात विधवा. १९४५ ला बोर्डीत सुरुवात, मग १९५७ पासून कोसबादची टेकडी. वारली मुलं शाळेत येत नाहीत तर अंगण तिथे शाळा, गुरं राखायला जातात तर कुरणात शाळा. तुमच्या रेनबोची ही थोरली बहीण म्हणा, चाळीस वर्षं आधीची. रोमची परवानगी नाही, शपथ नाही, झगा नाही. मग हे कसं झालं? तर समाजाने त्या बायकांचं घर आधीच काढून घेतलं होतं. केरळात, आयर्लंडमध्ये मुलगी कॉन्व्हेंटमध्ये जायची, महाराष्ट्रात विधवा शिक्षिका व्हायची. दोन्हीकडे हिशोब एकच : जिला चूल नाही तिने फळ्यापाशी उभं राहावं. पुरुष आजीव सदस्य झाला तर त्याला संसार असतो आणि तरी त्याचा पुतळा होतो. बाईला मात्र दोन्हीतलं एक. तुमच्या सिस्टरच्या थोरवीला मी हात लावत नाही. थोरवीच्या या किमतीला मी हात लावते.

पक्षपाती : अनुताईंचं नाव तुम्ही घेतलंत, बरं झालं, कारण तिथे मला फरक दिसतो. अनुताईंवर वैधव्य लादलं गेलं आणि त्यांनी त्यातून काम उभं केलं. ननने ते निवडलं. दारं बंद होती हे खरं, पण आयर्लंडमधली दारं १९७३ नंतर उघडली. चर्चमध्येही १९६० च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पुष्कळ जाळ्या गळून पडल्या. जगभर हजारो नन्स त्या काळात झगा उतरवून बाहेर पडल्या, लग्नं केली, नोकऱ्या केल्या. सिरिलनी रेनबो सुरू केलं १९८५ ला. तेव्हा त्या जवळजवळ पन्नाशीच्या होत्या आणि बाहेरचा रस्ता उघडा होता. विसाव्या वर्षी घेतलेला निर्णय तुम्ही समाजावर ढकला, मी मानतो. पन्नासाव्या वर्षी रोज सकाळी उठून तोच निर्णय पुन्हा घेणं मात्र त्यांचं स्वतःचं आहे.

संशयी : असेल. पन्नाशीत बाहेर पडणाऱ्या ननकडे भविष्यनिर्वाह निधी नसतो, हेही त्यात धरा. आणि पैशाचं निघालंच आहे तर नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घ्या. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन्स आणि फादर यांच्या पगारातून आयकर कापायचा की नाही, असा वाद होता. धर्मसंघांचं म्हणणं, या माणसांनी दारिद्र्याची शपथ घेतली आहे, पगार त्यांचा नाहीच, तो संघाच्या खात्यात जातो, चर्चच्या कायद्यानुसार नागरी व्यवहारापुरती ही माणसं मेलेलीच आहेत. नव्वदच्या वर अपिलं होती. कोर्टाने सगळी फेटाळली. पगार तिच्या नावाने निघतो ना, मग कर कापा. मला तो निकाल वाचून फार बरं वाटलं. सरकारदरबारी का होईना, कुणीतरी त्या बाईला जिवंत धरलं. वर्गात घसा फोडणारी बाई कायद्याने मेलेली आणि तिचा पगार घेणारी संस्था जिवंत, हे मला कुठल्याही धर्मात चालणार नाही.

पक्षपाती : यावर माझ्याकडे उत्तर नाही. इतकंच म्हणतो, की ज्या संघात पगार जातो त्याच संघाची ती इमारत होती आणि तीच ती गच्ची. संघाने ‘आमच्या मालमत्तेत फुटपाथवरच्या मुली झोपवायच्या नाहीत’ म्हटलं असतं तर रेनबो पहिल्याच दिवशी संपलं असतं.

संशयी : म्हणजे चांगला मालक मिळाला.

पक्षपाती : म्हणा. तुम्हाला मिळाला का?

संशयी : नाही मिळाला, आणि तो मुद्दा मी लपवणार नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात मी नोकरी केली. दिवाळी झाली की अर्धा वर्ग बैलगाड्यांत, ट्रॅक्टरवर बसून कारखान्यांकडे जातो आणि मार्च-एप्रिलला परत येतो. आठ वर्षांची मुलगी फडात पाचट बांधते, कोपीत धाकट्याला सांभाळते. तुमच्या मांडीवरच्या भावाचं चित्र मला नवीन नव्हतं. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली, आजीकडे मुलं ठेवा म्हणून आम्ही घरोघर फिरलो. एखादं वर्ष जमायचं. पुढच्या वर्षी साहेब बदलायचे, योजनेचं नाव बदलायचं, माझी बदली व्हायची. सिरिल एका खुर्चीत बत्तीस वर्षं होत्या. जिल्हा परिषदेच्या कोणत्या मुख्याध्यापिकेला हे नशीब आहे? म्हणून मी म्हणते, की तुम्ही ज्याला व्रताचं फळ म्हणता त्यातलं पुष्कळसं साधं टिकाऊपणाचं फळ आहे. बदली नाही, निवडणुकीचं काम नाही, जनगणना नाही, माथ्यावर हक्काचं छप्पर. हे सगळं सरकार देऊ शकतं. देत नाही, ही वेगळी गोष्ट. पण ते देवाकडून यावं लागतं असं नाही.

पक्षपाती : आणि तरी सरकारने प्रयत्न केला तेव्हा काय झालं? २००९ चा शिक्षण हक्क कायदा. खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. सियालदहने स्वखुशीने पन्नास टक्के केलं होतं, कायद्याने पंचवीस मागितले. महाराष्ट्रात दरवर्षी ऑनलाइन सोडत, पालकांच्या रांगा, शाळांची प्रतिपूर्तीची बिलं थकलेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियमच बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. म्हणजे शहरात जवळजवळ सगळ्यांना सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कायद्याने दार उघडता येतं, मी नाकारत नाही. पण दारामागे कुणीतरी कडी धरून उभं असतं. आत आलेल्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवायचं, सहलीला न्यायचं नाही, हे कुठल्या कलमाने थांबवणार? सियालदहला आत आलेल्या मुलीची वाट बघत कुणीतरी बसलेलं असे. कायद्याला तेवढं एक जमत नाही.

संशयी : पण तुम्ही कायद्याची गोष्ट अर्धी सांगितलीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागूच नाही असं ठरवलं. राज्यघटनेचं कलम तीस. म्हणजे ज्या कॉन्व्हेंटमधून तुमचा आदर्श आला, त्या कॉन्व्हेंटांना पंचवीस टक्क्यांची सक्ती नाही! पुढे २०२५ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली आणि तो मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितलं. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था आपल्या पद्धतीने चालवता आल्या पाहिजेत, हे मीही मानते. धर्मांतराच्या नावाने मिशनरी शाळांवर जे दगड पडतात त्यांत माझा हात नाही. पुण्याने १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर जो गहजब केला तो वाचून मला आजही लाज वाटते. पण म्हणूनच विचारते. एका ननने जे मनाने केलं ते तिच्या संघाच्या, किंवा त्यासारख्या इतर संघांच्या, सगळ्या शाळांनी का केलं नाही? मुंबई-पुण्यातल्या नामांकित कॉन्व्हेंटांच्या फाटकांशी संध्याकाळी उभे राहून बघा. काही शाळांत संध्याकाळचे वर्ग आहेत, मोलकरणींच्या मुलींसाठी वेगळी पाळी आहे. वेगळी पाळी! त्याच बाकावर नाही. व्रत तेच, पैसा तोच, छप्पर तेच. मग उरली कोण? सिरिल नावाची एक व्यक्ती. व्रताचं काय राहिलं?

पक्षपाती : हे बिनतोड आहे. शपथ सगळ्यांनी घेतली आणि फाटक एकीने उघडलं, तर शपथ हे कारण होऊ शकत नाही. पण थांबा, इतकं सोपं नाही. सिरिलच्या कामाचा नमुना मग इतरत्र गेला. रेनबोसारखे निवारे दिल्लीत, हैदराबादेत निघाले, काही चक्क सरकारी शाळांच्या रिकाम्या इमारतींत. चालवणाऱ्या नन नव्हत्या, पगारी माणसं होती. म्हणजे चालवायला व्रत लागत नाही, हे तुमचं म्हणणं सिद्धच झालं. मला एवढंच दिसतं, की पहिल्यांदा, कुठला नमुना समोर नसताना, कुठला जीआर नसताना ज्या माणसाने ते केलं त्याला गमावण्यासारखं काही नव्हतं. नोकरी जाणार नव्हती, मुलाची फी थकणार नव्हती, घरी कुणी वाट बघत नव्हतं. ही स्थिती शपथेने येते, वैधव्याने येते, कधी वेडानेही येते. पगाराने येते का, हे मला तुम्ही सांगा. तुम्हाला बत्तीस वर्षं एकच शाळा दिली असती, बदली नाही, निवडणूक नाही, पक्की इमारत, वर गच्ची. ऊसतोडीच्या मुली रात्री कुठे झोपतात ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही गच्ची उघडली असती?

संशयी : दिवसा उघडली असती, त्यात शंका नाही. रात्रीचं… माझा मुलगा तेव्हा लहान होता आणि नवरा दुसऱ्या तालुक्यात. तरी समजा मी राहिले असते. सगळ्यात आधी मी विचारलं असतं, की रात्री तिथे काही झालं, एखादी मुलगी आजारी पडली, कुणी भिंत चढून आलं, तर कागदावर सही कुणाची? केंद्रप्रमुखांची, गटशिक्षणाधिकाऱ्यांची की माझी? माझी म्हटलं असतं, तर मी गच्चीला कुलूप लावलं असतं, कारण काही झालं असतं तर निलंबन माझं आणि उपासमार घरच्यांची. हा भित्रेपणा आहे असं तुम्ही मनात म्हणत असाल. पण तो प्रश्न मुलींसाठीही विचारावा लागतो. आयर्लंडच्या त्या संस्थांमध्ये तो कुणी विचारला नाही, बायका शपथेच्या आहेत ना, मग बघायचं काय. सिरिलनी तो न विचारता गच्ची उघडली की विचारून, आणि विचारून उघडली असेल तर सही कुणी केली, एवढं जरी तुमच्या लेखात असतं तरी मी तो शेवटपर्यंत वाचला असता.